पुदिन्याचा मोरोक्कन चहा आणि साखरेचा प्रश्न



हिरव्या चहाची पत्ती, मूठभर पुदिना आणि भरपूर साखर. मोरोक्कोत याला 'अताय' म्हणतात. दारी आलेल्या पाहुण्याला अताय दिल्याशिवाय तिथे कोणी उठू देत नाही. उंचावरून धार धरून हा चहा पेल्यात ओततात ते पाहिले की वाटते, ही रीत हजार वर्षांची तरी असणार. प्रत्यक्षात ती घरोघरी पोचली त्याला दोनशे वर्षेही झालेली नाहीत. आणि तिच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे, जो आपल्या घरांतूनही विचारला गेला: ही साखर शुद्ध केली ती कशाने?

पुदिना तिथला जुनाच. पुदिन्याचे आणि इतर वनस्पतींचे काढे लोक आधीपासून घेत होते. चहाची पत्ती मात्र चीनची. सुलतान मौलाय इस्माईल (1672 ते 1727) यांच्या दरबारी इंग्रजांकडून आलेल्या नजराण्यांत चहा होता असे सांगतात. पुढे बराच काळ तो दरबाराची आणि धनिकांची चैनच राहिला. मग 1853 ते 1856 या काळात क्रिमियाचे युद्ध झाले. उत्तरेकडच्या बाजारपेठा अडल्यामुळे ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला माल टँजियर आणि मोगादोर (आजचे एसाविरा) या बंदरांकडे वळवला. 1856 मध्येच ब्रिटनने मोरोक्कोशी करार करून आयात मालावरची जकात जास्तीत जास्त 10 टक्क्यांवर आणली. चहा स्वस्त झाला आणि गावोगाव पसरला. पत्ती चीनची, किटली मँचेस्टरची आणि पुदिना तेवढा परसातला, असा हा 'पारंपरिक' पेला!

राहिली साखर. हीच खरी गंमत आहे. सोळाव्या शतकात मोरोक्कोचे सादी सुलतान स्वतः साखर पिकवत आणि विकत. तिथली साखर इंग्लंडला जाई. या व्यापारासाठी लंडनच्या व्यापाऱ्यांनी 1585 मध्ये 'बार्बरी कंपनी' काढली होती. पुढे राज्यात यादवी माजली, ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरची साखर बाजारात आली आणि मोरोक्कोचे साखरेचे कारखाने ओस पडले. एकोणिसाव्या शतकात याच देशाला मार्सेयहून साखर मागवावी लागली. ती यायची निळ्या कागदात गुंडाळलेल्या, शंकूसारख्या मोठ्या ढेपेच्या रूपात. आजही तिथे लग्न ठरवताना वरपक्ष वधूच्या घरी अशा साखरेच्या ढेपा नेतो.

तेव्हा युरोपात साखर स्वच्छ करायला बैलाचे रक्त वापरण्याची पद्धत होती, आणि पाक पांढरा करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा. ही बातमी मोरोक्कोत पोचली आणि धर्मपंडितांपुढे प्रश्न आला की ही साखर खावी की नाही? काहींनी निषिद्ध ठरवली. काही म्हणाले, नुसत्या संशयावरून एखादी वस्तू अशुद्ध ठरत नाही. वाद बरीच वर्षे चालला, आणि तोवर चहा मात्र घराघरांत रुजला.

आपल्याला हे ओळखीचे वाटेल. 1905 च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार घातला गेला. त्या साखरेत हाडे आणि रक्त असते, हे कारण तेव्हा सर्वत्र सांगितले जाई. पुढे दोन्हीकडे देशी कारखाने आले. मोरोक्कोत 1929 मध्ये फ्रेंच कंपनीने कॅसाब्लांकाला साखर शुद्धीकरणाचा कारखाना काढला. महाराष्ट्रात 1930 च्या दशकात सोलापूरच्या जैन घराण्यातले वालचंद हिराचंद यांनी रावळगाव आणि वालचंदनगर इथे साखर कारखाने उभे केले. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, त्यात हाडांचा कोळसा लागत नाही. तेव्हा हाडांची शंका इथल्या साखरेपुरती बरीचशी मिटते.

पण रस कशाने गाळला एवढे विचारून साखरेचा हिशेब पुरा होतो का? सादी सुलतानांच्या मळ्यांत गुलाम राबत होते. ज्या बेटांच्या साखरेने त्यांचा बाजार घेतला, तिथेही गुलामच. रक्ताचा प्रश्न आला तो गाळणीपाशी. उसाच्या फडात सांडणाऱ्या रक्ताबद्दल त्या वादात कोणी विचारले नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. मजुरी बुडू नये म्हणून शरीराची किंमत देणाऱ्या त्या बाया आपल्याच राज्यातल्या. साखर सोडावी असे मी म्हणत नाही. पण अहिंसेचा विचार करताना हाडांच्या कोळशापाशी थांबू नये, एवढे मनात येते.

आता कृती. चार लहान पेल्यांसाठी दोन चहाचे चमचे 'गनपावडर' हिरवा चहा घ्या. त्याची पाने गोळी करून वाळवलेली असतात. किटलीत पत्ती घालून थोडे उकळते पाणी ओता, मिनिटभराने ते पाणी वाटीत काढून ठेवा. हा पत्तीचा अर्क. पुन्हा थोडे पाणी घालून किटली हलवा आणि ते पाणी टाकून द्या, म्हणजे कडवटपणा जातो. मग अर्क परत घालून साधारण अर्धा लिटर उकळते पाणी ओता आणि मंद आचेवर ठेवा. एक उकळी आली की उतरवून त्यात साखर आणि पानन् पान पाहून धुतलेला मूठभर पुदिना घाला. चार-पाच मिनिटे झाका. ढवळू नका. एक पेला भरून परत किटलीत ओता, असे दोन-तीनदा केले की साखर मिसळते. शेवटी उंचावरून ओता. वर जो फेस येतो, त्याला तिथे 'पागोटे' म्हणतात!

ज्यांच्याकडे चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते, त्यांनी हा चहा हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. तेव्हा पुदिनाही छान मिळतो. आणि एक मजेची गोष्ट: जुन्या मोरोक्कन घरांत पाहुण्यांपुढे चहा करण्याचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा असे. तेव्हा एखाद्या रविवारी सूर्यास्तापूर्वी हा मान आपल्या घरीही द्यायला हरकत नाही. साखर मात्र आपणच मोजून द्यावी. तिकडच्यापेक्षा निम्मी पुरते.