राजधानी आणि सीमाभाषक : बंगळूरचे दोन चेहरे

सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीतील बंगळूरच्या दरबाराशी जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’चा संबंध आहे; संस्कृताबरोबर मराठी, कानडी आदी अनेक भाषांतील रचना त्यात एकत्र नांदतात. भाषावार राज्याची राजधानी झालेल्या त्याच शहरात नोव्हेंबर २००५ मध्ये बेळगावचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला कन्नड कार्यकर्त्यांनी काळे फासले. महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव करणारी बेळगाव महानगरपालिकाही राज्य शासनाने त्याच महिन्यात बरखास्त केली.

१९५६ पासूनच्या सीमालढ्यातील आणखी एक प्रसंग, एवढ्यावर त्याची बोळवण करता येत नाही. बंगळूर तेव्हा जागतिक संगणक-व्यवसायाचे केंद्र बनले होते. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्येच तेथे गेली होती. आपल्याच राजधानीत आपण अल्पसंख्य ठरू, ही कन्नड भाषकाची धास्ती मात्र उदारीकरणाहून जुनी. नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य मागणारा सरोजिनी महिषी समितीचा अहवाल १९८६ चा आहे. २०११ च्या जनगणनेतही बंगळूर नगर जिल्ह्यात कन्नड मातृभाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमीच भरले.

भांडवलापुढे ही धास्ती हतबल होती. बेळगावच्या मराठी भाषकांसमोर मात्र ती शासनसत्ता होऊन उभी राहिली. एकाच अस्वस्थतेची ही दोन टोके मराठी सीमासाहित्याच्या अभ्यासात सहसा जोडली जात नाहीत. बेळगावात २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले ते, महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच.