पारशी रंगभूमी

पारशी रंगभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत उभी राहिलेली आणि पुढे सुमारे ऐंशी वर्षे लाहोरपासून रंगूनपर्यंत खेळ करीत हिंडलेली धंदेवाईक नाट्यपरंपरा. भांडवल, मालकी आणि सुरुवातीचे बहुतेक नट पारशी, एवढ्यापुरतीच ती पारशी. नाटके लिहिणारे पुढे बहुधा मुसलमान किंवा हिंदू; भाषा आधी गुजराती, मग उर्दू, शेवटी हिंदी; कथानके फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’तून, लखनौच्या ‘इंदरसभे’तून, शेक्सपिअरमधून आणि महाभारतातून उचललेली. एका समाजाची किंवा एका भाषेची न राहिल्यामुळे ती देशभर पोचली. आणि त्याच कारणाने कोणत्याही भाषेच्या वाङ्मयेतिहासाने तिला मनापासून आपली म्हटले नाही.

नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडवर नाटकगृह उभे राहिले. इंग्रज प्रेक्षकांसाठी बांधलेल्या या थिएटरात १८५३ साली दोन नव्या गोष्टी घडल्या. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांनी तेथे आपले खेळ लावले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘पारशी नाटक मंडळी’ने रुस्तम-सोहराबाची कथा गुजरातीत सादर केली. या मंडळीच्या पाठीराख्यांत दादाभाई नौरोजी होते. गंभीर नाटक संपले की शेवटी एक फार्स, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. पुढची दहा-पंधरा वर्षे हौशी क्लबांची होती. एल्फिन्स्टन कॉलेजातले विद्यार्थी शेक्सपिअर इंग्रजीत करीत. बाकीचे गुजरातीकडे वळले.

धंद्याची घडी बसवली ती १८६८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया नाटक मंडळीने. तिचे संस्थापक कैखुश्रू काबराजी हे ‘रास्त गोफ्तार’ पत्राचे संपादक आणि समाजसुधारक. नाटकाने लोकांना वळण लावावे असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतर सूत्रे हाती घेणाऱ्या दादी पटेलांना मात्र तिकीटबारीचे गणित नेमके कळत होते. गुजराती नाटकाचा प्रेक्षक मुंबई आणि गुजरात एवढाच. उर्दू समजणारा हैदराबादपासून कोलकात्यापर्यंत पसरलेला. १८७१ मध्ये त्यांनी एदलजी खोरी यांच्या गुजराती नाटकाचे बेहरामजी मर्झबान यांच्याकडून उर्दू भाषांतर करून घेतले आणि ‘सोने के मोल की खुर्शेद’ रंगमंचावर आणले. पुढच्याच वर्षी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या आमंत्रणावरून कंपनी हैदराबादला गेली. लांबच्या दौऱ्यांसाठी मुंबई-कोलकाता लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झालेला होताच. काबराजींच्या वाटेवर नाटक राहिले असते, तर ते बहुधा फोर्ट आणि ग्रँट रोड यांच्यामध्येच संपले असते.

या कंपन्यांचा कारभार गिरणीसारखा पगारी आणि शिस्तीचा होता. मालक, दिग्दर्शक, नट, वादक, पडदे रंगवणारे पेंटर आणि महिन्याच्या पगारावर नाटके लिहिणारे ‘मुनशी’ अशी उतरंड असे. नाटक लिहून झाले की ते कंपनीच्या मालकीचे. दुसऱ्या कंपनीने ते उचलू नये म्हणून संहिता छापण्याची टाळाटाळ होई. तरीही बाजारात चोरट्या आवृत्त्या निघतच. आज या नाटकांचे विश्वसनीय पाठ सापडणे अवघड का जाते, याचे एक कारण इथे आहे.

प्रेक्षक मुख्यतः पाहायला येत. चौकटीचा रंगमंच, विंगा, गुंडाळत वर जाणारे चित्रित पडदे ही विलायती सामग्री. तिच्यात कंपन्यांनी देशी चमत्कार भरले. जमीन दुभंगे, परी आकाशातून उतरे, प्रेक्षकांसमोर महालाचे जंगल होई. याला ‘ट्रान्सफर सीन’ म्हणत आणि जाहिरातीत तो नटांच्या नावाइतकाच ठळक छापत. पुढच्या पडद्यासमोर विनोदी प्रवेश चालू ठेवायचा आणि मागे भव्य देखावा लावून घ्यायचा, ही युक्तीही याच गरजेतून आली. मूळ कथेशी काडीचा संबंध नसलेला ‘कॉमिक’ इथूनच रूढ झाला. संवाद यमकांचे आणि खड्या आवाजातले, कारण ध्वनिवर्धक नव्हते आणि शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्यालाही शब्द ऐकू जायला हवा होता.

स्त्रीभूमिका प्रारंभी पुरुषच करीत. दादी पटेलांनी हैदराबादहून गायिका आणल्या तेव्हा पारशी समाजात मोठा गदारोळ झाला. पुढे खुर्शेदजी बालीवाला यांची व्हिक्टोरिया आणि कावसजी खटाव यांची आल्फ्रेड या कंपन्यांनी स्त्रियांना उघडपणे स्थान दिले. खटावांची नायिका मेरी फेंटन एका आयरिश सैनिकाची मुलगी. ती पारशी आणि हिंदू नायिका गुजराती-उर्दूत सहज रंगवी. याउलट सोराबजी ओग्रांच्या न्यू आल्फ्रेडने स्त्रियांना दीर्घकाळ मज्जाव केला. गुजराती रंगभूमीवर ‘सुंदरी’ या नावाने गाजलेले जयशंकर यांनी लहानपणी कोलकात्याच्या एका उर्दू कंपनीत उमेदवारी केली होती.

लेखकांत तालिब बनारसी, अहसन लखनवी, नारायणप्रसाद बेताब आणि राधेश्याम कथावाचक ही नावे ठळक; पण सर्वांत तेजस्वी आगा हश्र काश्मीरी (१८७९–१९३५). शेक्सपिअरची नाटके त्यांनी इतकी मोकळेपणाने वाकवली की त्यांच्या ‘सफेद खून’मागचा किंग लिअर जाणकारालाच ओळखू यावा. ‘यहूदी की लडकी’तली त्यांची भाषा रंगमंचासाठीच घडवलेली आहे, कागदावर ती भडक वाटते, तोंडात घेतली की चढते. १९१३ मध्ये बेताबांचे ‘महाभारत’ आल्फ्रेडने दिल्लीत आणले आणि पौराणिक हिंदी नाटकांची लाट आली. विद्वानांची नाराजी आधीपासून होतीच. भारतेंदु हरिश्चंद्रांनी काशीतल्या एका ‘शाकुंतला’च्या खेळाची हकीकत लिहून ठेवली आहे : दुष्यंत कमरेवर हात ठेवून नाचू-गाऊ लागताच काही पंडित उठून गेले. प्रेक्षागृहातले बाकीचे लोक बसून राहिले, हे ध्यानात घेतल्याशिवाय या रंगभूमीचा इतिहास कळत नाही.

मराठी रंगभूमीशी तिचे नाते देण्याघेण्याचे आणि काहीसे संकोचाचे आहे. एका पारशी कंपनीचा संगीत खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना १८८० च्या ‘शाकुंतला’ची कल्पना सुचली, असे नाट्येतिहासकार सांगत आले आहेत. किर्लोस्करांनी चमत्कृती बाजूला ठेवून साकी-दिंडी, कीर्तन आणि कर्नाटकी चालींचा आधार घेतला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी मात्र ‘वीरतनय’पासून (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीच्या उडत्या चाली उघडपणे आणल्या, कल्पित राजेराण्यांची गुंतागुंतीची कथानकेही बरीचशी त्याच वळणाची. त्यावर जुन्या रसिकांनी नाके मुरडली, पण मराठी नाट्यपदांचा तोंडवळा बदलला तो बदललाच. पडद्यांच्या बाबतीतही हेच. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी कंपन्यांसाठी पडदे रंगवले, आणि बाबूरावांनी त्याच हातांनी पुढे चित्रपटाचे सेट उभारले.

परदेशातला प्रभाव थोडक्यात असा. बालीवालांनी मंडालेला ब्रह्मदेशाच्या थिबा राजापुढे खेळ केले (हाच राजा पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिला). लंडनची सफर मात्र तोट्याची ठरली. सिंहली ‘नूर्ति’ नाट्यप्रकार पारशी कंपन्यांच्या कोलंबोतल्या प्रयोगांतून निघाला. मलायातल्या ‘बंगसावान’वरही त्यांची छाप आहे.

बोलपटाने या कंपन्यांचा प्रेक्षक नेला आणि त्यांचा सारा ऐवजही नेला. कोलकात्याचे जमशेदजी मादन यांनी नाटक कंपन्यांच्या पैशातून चित्रपटगृहांची साखळी उभारली. १९२० च्या दशकात मादन थिएटर्सच्या ताब्यात शंभराहून अधिक गृहे होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर बेतलेला होता. पुढच्या वर्षीच्या मादनच्या ‘इंदरसभे’त सुमारे ७० गाणी होती. सोहराब मोदींनी हॅम्लेट ‘खून का खून’ (१९३५) या नावाने पडद्यावर आणला. ‘पुकार’ आणि ‘सिकंदर’मधले त्यांचे खणखणीत संवाद तर सरळ रंगमंचावरचेच. हिंदी चित्रपटात गाणी का, कथा थांबवून विनोद का, असे विचारणाऱ्यांनी पाश्चात्त्य सिनेमाशी तुलना करण्याआधी ग्रँट रोडच्या जाहिराती पाहाव्यात.

त्याच १९३१ साली धनजीभाई पटेलांचा ‘पारसी नाटक तख्तानी तवारीख’ हा गुजराती ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुन्या नट-मालकांच्या आठवणींनी भरलेले हे पुस्तक आजही अभ्यासकांचा मुख्य आधार आहे. फिरत्या कंपन्या त्यानंतर एकेक करून बंद पडल्या. कोलकात्याच्या मूनलाइट थिएटरने ही शैली १९६० च्या दशकापर्यंत टिकवली. मुंबईत पारशी-गुजराती विनोदी नाटकांचा वेगळा प्रवाह अदी मर्झबान (१९१४–१९८७) यांनी ‘पिरोजा भवन’सारख्या नाटकांतून जोमात आणला. नवरोजच्या दिवशी अशा नाटकाला सहकुटुंब जाण्याची रीत मुंबईच्या पारशांनी पुढेही पाळली.