सामोआचा अळू

आपल्याकडे अळू म्हणजे न्हाणीच्या पाण्यावर वाढणारं, वडीचं नाहीतर फदफद्याचं पान. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर मात्र अळू म्हणजे आपली भाकरीच. तिथे त्याला 'तालो' म्हणतात. त्याचा कंद भाजून, उकडून रोज खातात. बराच माल बोटीनं न्यूझीलंडला जायचा, कारण तिथे सामोआची पुष्कळ माणसं राहतात. देशाच्या निर्यातीत अळूचा नंबर पहिला होता.

१९९० साली 'ओफा' आणि १९९१ साली 'वाल' ही चक्रीवादळं आली. बागा आडव्या झाल्या. पोटासाठी आणि पैशासाठी लोकांनी भराभर अळू लावला. बाजारात भाव 'निउए' नावाच्या वाणाला होता, म्हणून जिकडेतिकडे तोच.

१९९३ च्या जुलैत पानांवर काळपट गोल डाग दिसले. तो अळूचा करपा होता. १९०० सालीच जावा बेटावर त्याची नोंद झाली होती. पावसाच्या थेंबांबरोबर तो या पानावरून त्या पानावर उडतो. लांबच्या बेटावर जातो तो मुख्यतः माणसांनी नेलेल्या रोपांबरोबर. सामोआत रोगट पानं तोडली, औषध फवारलं, रोपं इकडून तिकडे न्यायला बंदी केली. पण पाऊस थांबेना, आणि सगळीकडे एकच वाण. एक झाड बळी पडलं की शेजारचंही पडायचं. पुढच्याच वर्षी निर्यात जवळजवळ बंद झाली. लोक केळी आणि इतर कंदांवर भागवू लागले.

मग पलाऊसारख्या दुसऱ्या बेटांवरून करपा सोसणारे वाण आणले. शास्त्रज्ञांनी त्यांचा संकर केला. शेतकऱ्यांनी ते आपल्या रानात लावले, शिजवून चव पाहिली आणि पसंत पडले ते ठेवले. परदेशी बाजार परत मिळायला मात्र कित्येक वर्षं गेली.

करपा आपल्याकडच्या अळूवरही येतो. शिवाय आपल्या गटांतून रोपांची, कंदांची देवघेव सतत चालते. म्हणून आम्ही सांगतो, विक्रीसाठी एक वाण लावलात तरी परसात आजीच्या वेळचे दोन-तीन वाण राहू द्या. आणि रोप माहेराहून आणलेलं असलं तरी आधी पानं दोन्ही बाजूंनी नीट पाहा. डाग दिसला, तर ते रोप आणू नका आणि दुसरीलाही देऊ नका.