हँडगनच्या गोळीसाठी शिसं किती कडक हवं?

अमेरिकेत बरेच हौशी नेमबाज घरीच शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. तेव्हा हे फक्त माहितीसाठी.)

शुद्ध शिसं फार मऊ, ब्रिनेल मापावर जेमतेम ५. त्यात कथील घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. कडकपणा येतो तो मुख्यतः अँटिमनीमुळे.

मग जितकं कडक तितकं चांगलं का? नाही! .३८ स्पेशलसारख्या कमी दाबाच्या काडतुसात फार कडक गोळी फुगून नळीला घट्ट बसत नाही. फटीतून गरम वायू निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं. तिथे २० भाग शिसं, १ भाग कथील पुरतं. कडकपणा साधारण १०. .३५७ मॅग्नमला ‘लायमन नंबर २’ बरा: ९०% शिसं, ५% कथील, ५% अँटिमनी, कडकपणा १५. अर्थात गोळीचा व्यासच नळीला कमी पडत असेल तर कुठलाही मिश्रधातू कामाचा नाही.

स्वस्त भंगार म्हणजे चाकं बॅलन्स करायची वजनं. पण त्यात हल्ली जस्ताचीही असतात आणि जस्त मिसळलं की रस साच्यात नीट भरत नाही. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. आच बेताची ठेवली की जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते काढून टाकायचे.

बॅटरीच्या प्लेटा मात्र भांड्यात कधीच नकोत. त्यातून आर्सेनिक आणि अँटिमनीचे जीवघेणे वायू निघू शकतात. शिवाय वरची राख झाडताना उडणारी शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते, आणि तिचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो.