मेंदूच्या प्रतिमा आणि अवकाशीय अवलंबित्वाचे संख्याशास्त्र

एखादे काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो, हे पाहण्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात. रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावरून त्यात संकेत मिळतात. मेंदूची प्रतिमा साधारण २ ते ३ मिलिमीटर बाजूच्या घनांत विभागलेली असते. अशा एका घनाला व्हॉक्सेल म्हणतात.

अडचण काय आहे?

समजा, १,००,००० व्हॉक्सेलची ५ टक्के पातळीवर चाचणी घेतली. मेंदूत काहीच घडत नसले, तरी सरासरी ५,००० व्हॉक्सेल ‘सक्रिय’ दिसतील. हे टाळण्यासाठी बॉनफेरोनी पद्धतीत ती पातळी चाचण्यांच्या संख्येने भागतात. पण ही कसोटी फार कडक ठरते आणि खरे संकेतही निसटतात, कारण शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

पनवेल-उरण पट्ट्यातील करंजा येथील खाडीकाठची जमीन डोळ्यांसमोर आणा. एका तुकड्यात खारे पाणी शिरले असेल, तर लगतचा तुकडाही खारवलेला असण्याची शक्यता जास्त. तिथून मातीचे १०० नमुने लागोपाठ घेतले, तरी माहिती १०० स्वतंत्र नमुन्यांएवढी मिळत नाही.

मुख्य पद्धती

- यादृच्छिक क्षेत्र सिद्धांत : मॅकगिल विद्यापीठातील कीथ वर्सली व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो मेंदूच्या प्रतिमांना लावला. प्रतिमा किती गुळगुळीत आहे, यावरून कसोटीची पातळी ठरते.
- पुंजका चाचणी : सुट्या व्हॉक्सेलऐवजी लागून असलेल्या सक्रिय व्हॉक्सेलच्या पुंजक्याचा आकार तपासतात.
- क्रमपरिवर्तन चाचणी : व्यक्तींची गटांतील विभागणी हजारो वेळा बदलून, निव्वळ योगायोगाने किती मोठा पुंजका दिसू शकतो हे मोजतात.

गृहीतक चुकले तर?

आंद्रेस एक्लुंड, टॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी २०१६ मध्ये ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांतीतील प्रतिमा तपासल्या. या व्यक्तींचे कसेही गट पाडले, तरी त्यांत खरा फरक अपेक्षित नव्हता. तरीही प्रचलित सॉफ्टवेअरच्या पुंजका चाचणीत चुकीचे निष्कर्ष अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत निघाले. दूरच्या व्हॉक्सेलमधील संबंध गृहीत धरल्यापेक्षा अधिक टिकून राहतो, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. क्रमपरिवर्तन चाचणीत मात्र हे प्रमाण बहुतांशी अपेक्षेप्रमाणे राहिले.

म्हणून मेंदूच्या चित्रातील रंगीत ठिपका हा फोटो नसतो, तो चाचणीचा निष्कर्ष असतो. शेजारच्या व्हॉक्सेलमधला संबंध कसा हिशेबात धरला, यावर त्याची विश्वासार्हता अवलंबून असते.