जुनी पिकअप: कापड की बैल?



गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास मामाचा फोन आला. मामाची सिन्नर तालुक्यात शेती आहे, टोमॅटो आणि कांदा. एरवी तो मला विचारतो ते एवढंच, की "तुझं ते पुस्तक कधी संपणार?" (प्रबंधाला तो पुस्तक म्हणतो.) त्या दिवशी मात्र प्रश्न वेगळा होता.

"शेजारच्या गावात एक पिकअप विकायला आहे. २०११चं मॉडेल. अडीच लाख सांगतोय. तू बाजारांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, घेऊ का?"

माझा विषय आहे महाराष्ट्रातले जनावरांचे बाजार आणि तिथले खरेदी-विक्रीचे रिवाज. डिझेल इंजिनमधलं मला काही कळत नाही. "मामा, मी बैलांवर लिहिते, गाड्यांवर नाही," असं म्हणून मी फोन ठेवला खरा, पण झोप लागेना. कारण प्रश्न साधा नव्हता. तोडणीच्या दिवसांत मामा भाड्याच्या टेम्पोवर अवलंबून असतो. टेम्पो उशिरा आला की लिलाव चुकतो आणि मग मिळेल त्या भावाला माल द्यावा लागतो. दुसरीकडे, अडीच लाखांतला मोठा वाटा मामीच्या पाटल्या मोडून येणार होता. गाडी फसवी निघाली तर पाटल्याही गेल्या आणि टेम्पोचं भाडंही सुटलं नाही.

मग लक्षात आलं, की मामाने विचारलेला प्रश्न माझ्याच विषयातला आहे. दुसऱ्याने वापरलेली, कामाला जुंपायची वस्तू घ्यायची आणि तिच्या आत काय आहे ते दिसत नाही. हा पेच गाड्यांच्या फार आधीपासूनचा आहे. म्हणून आजची पोस्ट मामासाठी, आणि तुमच्यापैकी जे कुणी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असतील त्यांच्यासाठी.

पाच दिवसांची पारख

सुरुवात जरा लांबून करते. याज्ञवल्क्यस्मृतीत, म्हणजे साधारण गुप्तकाळाच्या आसपासच्या ग्रंथात, विकत घेतलेली वस्तू पारखायला किती दिवस द्यावेत याची यादी आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच. (याच यादीत दासी आणि दासही आहेत, महिना आणि पंधरवडा. जुन्या ग्रंथांचं कौतुक करताना हे डोळ्याआड करू नये.) पुढे अकराव्या-बाराव्या शतकात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. ते आपल्यापासून काही फार लांब नाही.

आता यादीकडे नीट बघा. दिवस वस्तूच्या किमतीवरून ठरलेले नाहीत. दोष बाहेर यायला किती वेळ लागतो, त्यावर ते ठरलेले दिसतात. लोखंड एका दिवसात कळतं. बियाणं उगवलं की नाही ते बघायला आठवडा-दहा दिवस लागतात. गाय दोन-तीन वेळा पिळली की दूध कळतं. बैल मात्र चार-पाच दिवस कामाला लावल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी तो पाहुण्यासारखा वागतो.

नारदस्मृतीत हीच चर्चा जास्त तपशिलात आहे. वाहणाऱ्या जनावराला तिथेही पाचच दिवस. पण तिथे आणखी एक नियम आहे आणि मामाच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. वापरलेलं, मळकं कापड सदोष असताना विकत घेतलं, तर ते विकणाऱ्याला परत करता येत नाही. जुनं आहे हे दिसत होतं, तरी घेतलंत, आता तक्रार नको. शिवाय कापड एकदा धुतलं की किंमत आठव्या हिश्शाने कमी, दुसऱ्यांदा धुतलं की चौथ्या, असा घसाऱ्याचा हिशोबही तिथे मांडलेला आहे. चौथ्या धुण्याला किंमत निम्मी होते.

म्हणजे नियम दोन. बैलाला पारखायला दिवस मिळतात. जुन्या कापडाला काहीच मिळत नाही.

स्मृतीत लिहिलं म्हणजे बाजारात तसंच घडत होतं, असं अर्थातच नाही. पण लोकांना अडचण कुठे वाटत होती, ते या नियमांवरून कळतं.

दात आणि मीटर

बाजारात मात्र पाच दिवस कोण देणार? म्हणून तिथे खुणा आल्या. चाकण किंवा घोडेगावच्या बाजारात आजही घेणारा आधी बैलाचं तोंड उघडतो. दुधाचे दात असले तर आदत. मग पक्क्या दातांची एकेक जोडी येत जाते, तसा दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे आले की जुळलेला. दात म्हणजे बैलाच्या वयाचा दाखला. पण जुळल्यानंतर पुढे किती वर्षं गेली, हे दात नेमकं सांगत नाहीत. तिथून पुढे झीज बघायची आणि अंदाज करायचा.

गाडीचं मीटर हे असंच. जुन्या गाड्यांच्या पाच आकडी मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य यायचं, म्हणजे गाडी 'जुळली' की मीटर मुकं. आणि दातांपेक्षा मीटर खोटं करणं सोपं. अमेरिकेत मीटर मागे फिरवायची चाल इतकी बोकाळली होती, की १९७२ साली तिच्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला.

स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराचं २००८ साली आलेलं पुस्तक याच धाग्यावर आहे. अमेरिकेतला गाड्यांचा सौदा हा घोड्यांच्या सौद्याचा वारस आहे, असं तो दाखवतो. तीच घासाघीस, जुनी देऊन नवी घ्यायची तीच पद्धत, तोच एकमेकांवरचा संशय. आपल्याकडे रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवणारा हेडी आणि रस्त्याकडेला फ्लेक्स लावून जुन्या पिकअप विकणारा दलाल यांचं नातंही मला असंच वाटतं.

तांदळातले खडे

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं, ते मुख्यतः याच कामासाठी. अमेरिकन बोलीत फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात, आणि लेखाच्या नावातही तोच शब्द आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. गाडीची खरी अवस्था विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. सरासरी भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून बाहेर पडतात. उरतात त्यांत लिंबं जास्त. मग सरासरी आणखी घसरते. असं करत करत बाजारच आटू शकतो.

गंमत म्हणजे या लेखात आपणही आहोत. अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर भारतात होता. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे नि आकाराचे खडे वेचणारी भारतीय गृहिणी त्याच्या लेखात उदाहरण म्हणून येते. आपल्या आज्या सुपात तांदूळ घेऊन जे करायच्या, त्यालाच तो माहितीची किंमत म्हणतो.

आणि कायदा? आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदा मुळात घेणाऱ्यानेच सावध राहावं, या इंग्रजी तत्त्वावर उभा आहे. कलम १६ मध्ये काही अपवाद आहेत, पण ते मुख्यतः त्या वस्तूचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतात. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याने आपली गाडी विकली तर त्यांचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेत १९८५ पासून विक्रेत्याला जुन्या गाडीच्या काचेवर एक पत्रक लावावं लागतं. त्यात माहीत असलेले दोष सांगायची सक्ती आधी येणार होती, ती शेवटी गळाली. 'आहे तशी' हा चौकोन मात्र राहिला. म्हणजे पुन्हा नारदाचं जुनं कापड!

मला म्हणायचं आहे ते इतकंच. जुनी पिकअप हा कामाचा बैल आहे, पण आपण ती जुन्या कापडासारखी विकत घेतो. रंग बघतो, सीट कव्हर बघतो, दोन किलोमीटर रिकामी पळवतो आणि इसार देऊन मोकळे होतो. बैल कुणी असा घेईल का? तो औताला जुंपूनच बघतात.

मामाची पाच दिवसांची मागणी

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाच दिवस गाडी मागू?" मी म्हटलं, "मागून तर बघ." मालक हसला, पण डिझेल मामाचं आणि दोन दिवसांचं भाडं देणार, या बोलीवर गाडी दिली.

मामाने गावातल्या मेकॅनिकला बरोबर घेतलं. मी सुट्टी काढून गेले, नोंदी करायला. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चालू केलं, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. निळा धूर नव्हता, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. हौद्याखाली शिरून चासीला कुठे वेल्डिंग आहे का, पाटे तुटलेत का ते पाहिलं. चासी नंबर आरसी बुकाशी ताडला. रिकामी गाडी पाण्यासारखी चालत होती.

दुसऱ्या दिवशी क्रेट भरून नाशिकला गेलो आणि येताना खताच्या गोण्या लादून मोहदरी घाट चढवला. अर्ध्या घाटात काटा लालकडे सरकायला लागला. वर येऊन थांबलो, थंड झाल्यावर झाकण काढलं, तर रेडिएटरमधलं पाणी कमी. मेकॅनिक म्हणाला, "हेड गॅसकेट असणार."

मालकाला सांगितलं, तर तो खरंच चकित झाला. वर्षभर त्याने गाडीत फक्त चारा वाहिला होता, तोही गावातल्या गावात. इथे मला अ‍ॅकरलॉफच्या पुढचं काहीतरी दिसलं. विकणाऱ्याला सगळं माहीत असतं, हे नेहमीच खरं नसतं. कधी कधी दोघांनाही माहीत नसतं. पारखीच्या दिवसांनी फक्त लपवलेलं बाहेर येत नाही, कुणालाच ठाऊक नसलेलंही बाहेर येतं.

"भाऊ, गॅसकेटचा खर्च भावातून कमी करा," मामा म्हणाला. मालक कबूल झाला. मामाचा जीव गाडीवर बसला होता.

अडलं ते कागदावर. आरसी बुकावर मालकाचं नाव नव्हतंच. त्याने तीन वर्षांपूर्वी ज्याच्याकडून गाडी घेतली, त्याचं होतं आणि त्यावर अजून कर्जाचा बोजा चढलेला होता. कर्ज फिटल्याचं पत्र कुणाकडे, कुणालाच माहीत नाही. मूळ मालक जिल्हा सोडून गेलेला.

इथे १९८८ चा मोटार वाहन कायदा बैलबाजाराच्या पुढे जातो. बैल ज्याच्या दावणीला, त्याचा. गाडीचं तसं नाही. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. म्हणजे विकणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० चे कागद पूर्ण होईपर्यंत निश्चिंत राहू नये. घेणाऱ्याची अडचण वेगळी. बोजा उतरल्याशिवाय नाव चढत नाही, आणि नावावर नसलेल्या गाडीचा विमा दावा करताना हमखास अडतो. त्यात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस, वर पर्यावरण कर. पंधरा वर्षांच्या गाडीला हे सगळं दुसऱ्याच्या नावाने किती दिवस रेटणार?

मामा रात्रभर विचार करत बसला. सकाळी मला म्हणाला, "इंजिन उघडून नीट करता येतं गं. हा कागद कुठून उघडायचा?" आणि त्याने गाडी परत नेऊन दिली. दोन दिवसांचं भाडं, डिझेल आणि मेकॅनिकची मजुरी धरून साडेचार हजार गेले. मामी म्हणाली, पाटल्या वाचल्या त्या मानाने स्वस्तात पडलं.

मामा अजून गाडी शोधतोच आहे, आणि शोधावी असंच मलाही वाटतं. जुनी गाडी घेऊ नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. टेम्पोची वाट बघत टोमॅटो पिकवून बसण्यापेक्षा बारा-चौदा वर्षांची पण ठणठणीत पिकअप केव्हाही बरी. फक्त आधी आरसी बुक मागा, कारण ते बघायला डिझेल लागत नाही. मग गाडी भरून चढावर न्या. आणि पाच दिवस मागा. दोन मिळाले तरी पुष्कळ. एकही दिवस द्यायला कुणी तयार नसेल, तर तेही उत्तरच समजा.

तुमच्या भागात बैल पारखायच्या काही खास खुणा किंवा शब्द असतील तर खाली नक्की लिहा, माझ्या तिसऱ्या प्रकरणाला हवे आहेत. आणि सिन्नरच्या आसपास कुणाची पिकअप विकायची असेल, स्वतःच्या नावावरची, तर तेही कळवा. मामाने निरोप द्यायला सांगितलं आहे.