तापीच्या वाटेवरचे परके

परदेशी जाऊन तिथल्या माणसांत मिसळलेल्या मराठी माणसांची गोष्ट निघाली म्हणजे आनंदीबाई जोशी आणि डॉक्टर कोटणीस ही नावे प्रथम येतात, आणि ते योग्यच आहे. १८८३ साली अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाईंना रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पोटच्या मुलीसारखे घरात घेतले. १९३८ साली चीनला गेलेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ही माणसे मोठी. पण आमचा पिंड कामगार चळवळीचा. पोटासाठी वाट धरणाऱ्या माणसाला परमुलखात कोण भेटते आणि कसे भेटते, हा प्रश्न आम्हांला अधिक छळतो. त्याचे उत्तर शोधायला खानदेशाबाहेर फार लांब जाण्याचेही कारण नाही. सुरतेहून बारडोली, नवापूर, नंदुरबार, चोपडा करीत बऱ्हाणपुरास जाणारी वाट आपल्याच अंगणातून गेली आहे. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी या वाटेने परके आपल्याकडे येत. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपण परके होऊन तीच वाट उलटी चालत आहोत.

टॅव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या वाटेने अनेकदा गेला. नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे गाव आहे आणि तिथल्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्याआधी, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. त्याची रोजनिशी आज छापील मिळते, आणि खानदेशच्या माणसाने ती जरूर वाचावी. बऱ्हाणपुरात त्याला सराईत उतरायला जागा दिली, ती म्हणजे भिंतीत खोदल्यासारख्या, भट्टीएवढ्या चार खोल्या. साहेब रागावला आणि आपल्या तंबूतच राहिला. शहाजादा परवेझच्या दरबारात जमिनीला डोके टेकण्याची रीत होती. तीही त्याने मानली नाही. जवळजवळ साडेतीन वर्षे या देशात काढली, तरी अंगावरचा इंग्रजी पोशाख सोडला नाही. इथली भाषा तो शिकला नाही. बोलायचे ते दुभाष्याच्या तोंडून. त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तो राजाचा वकील होता, आणि राजाचा आब राखणे हेच त्याचे काम होते. सुरतेच्या वखारीतले त्याचे देशबांधवही एकाच वाड्यात राहत आणि एकाच पंगतीला जेवत.

त्याच सुमारास या देशात दुसरा एक इंग्रज वावरत होता, टॉमस कोरियट. हा एका खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. हलबपासून अजमेरपर्यंत तो दहा महिन्यांत पायी आला आणि त्या सगळ्या वाटेवर त्याचा खर्च झाला अवघे तीन पौंड. कित्येक दिवस दिवसाला एका पेनीवर पोट भरले, आणि तेही चांगले भरले, असे तो अभिमानाने सांगतो. खिशात पैसा नसलेल्या माणसाला दुभाष्या परवडत नाही. तेव्हा कोरियट तुर्की शिकला, अरबी शिकला, फारसी शिकला, आणि इथे आल्यावर हिंदुस्थानीही शिकला. वकिलाच्या वाड्यावर एक धोबीण होती. सकाळी तोंड सुटले की सूर्य मावळेपर्यंत तिचे भांडण चाले. कोरियटने एक दिवस तिच्याच भाषेत तिच्याशी भांडण मांडले आणि सकाळी आठ वाजण्याच्या आत तिला निरुत्तर केले, असे वकिलाचा पाद्री टेरी याने लिहिले आहे. परक्या भाषेत भांडता येणे ही ती भाषा आल्याची खरी खूण. शेकहँड करण्यापुरती भाषा तर कोणालाही येते.

पुढे कोरियटने जहांगिरासमोर फारसीत भाषण केले आणि बादशहाने झरोक्यातून त्याला शंभर रुपये टाकले. वकील रो संतापला. आपल्या राष्ट्राच्या माणसाने अशी भीक मागावी हे त्याला लाजिरवाणे वाटले. कोरियटने त्याला असे खडे उत्तर दिले, की वकिलाने तो विषय पुन्हा काढला नाही. १६१७ च्या डिसेंबरात हा मनुष्य सुरतेत वारला. एकच देश, एकच काळ, दोघेही इंग्रज. एकाला या मुलखातल्या माणसांची गरज होती, दुसऱ्याला नव्हती, आणि सारा फरक आम्हांला तेवढाच दिसतो. कोरियट स्वभावाने काही संत नव्हता. चांगलाच आढ्यतेखोर होता.

आता वाट उलटी फिरते. १९०० सालापर्यंत तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली. ते दिवस छपन्नच्या दुष्काळाचे. गुजरातेत आजही त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. कापूस आणि माणूस दोघांनाही सुरतेकडे नेणारा रूळ आपल्या दारातून गेला. तरी बराच काळ आपल्या माणसाला तिकडे जाण्याची निकड नव्हती. जळगावची गिरणी होती, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते. १९७२ च्या दुष्काळाने शेतकरी हलला, पुढे या गिरण्याही एकेक करून थंडावल्या, आणि तिकडे सुरतेत कृत्रिम रेशमाचे माग हजारोंनी वाढत होते. मग ताप्तीच्या गाडीत पथारी, पत्र्याची पेटी आणि बायकापोरे घेऊन खानदेश बसू लागला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही नावे आमच्याकडे तालुक्याच्या गावांसारखी घरोघरी झाली. १ मे १९६० पासून मध्ये राज्याची सीमा आली आहे, पण ती नवापूरच्या फलाटावरूनच गेली आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. एका बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. असला परदेश विरळाच!

परमुलखात आपले माणूस शोधण्याची कामगारांची रीत जगभर जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले सुतार, जुळारी, छापखान्याचे कामगार काम शोधीत गावोगाव पायी फिरत. खिशात संघाचे कार्ड असे. गावातल्या ठरलेल्या खाणावळीत ते दाखवले की रात्रीचे जेवण आणि बिछाना मिळे. काम नसेल तर सकाळी पुढच्या गावापर्यंतचा खर्च हाती पडे. फ्रान्समधले कारागीर देशभर फिरून धंदा शिकत. त्यांच्या मुक्कामाचे घर सांभाळणाऱ्या बाईला ते ‘आई’ म्हणत, आणि हा शब्द तिथे पदवीसारखा वापरला जाई. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना अशी पदवी कोणी दिली नाही, पण काम तेच होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे त्या बायांचा हिशेब चळवळीच्या वहीत आला.

सुरतेत आपल्या माणसाचे कार्ड म्हणजे गावाचे नाव. शिंदखेड्याचा माणूस शिंदखेडेकराच्या खोलीत उतरे, पारोळ्याचा पारोळेकराच्या. खोली तोच दाखवी, मागाच्या खात्यात तोच चिकटवी, आणि पहिल्या पगारापर्यंत भाकरही त्याचीच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येऊन रोट खातात. सुरतेतही ती बसू लागली, तिची मिरवणूक निघू लागली. महापालिकेने मराठी शाळा चालवल्या. अशा रीतीने आपल्याला आपली माणसे मिळाली. स्थानिक माणूस मिळायला मात्र वेळ लागला. मराठी म्हटला की सुरतेच्या दोन लुटींची आठवण कोणीतरी थट्टेने काढणारच. ती थट्टा आम्हीही पुष्कळ ऐकली आहे.

तो जिथे मिळाला, तिथे दार उघडले ते अहिराणीने. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा जो भाग १९०७ साली निघाला, त्यात खानदेशी बोलीची नोंद मराठीच्या खंडात नाही. ती भिल्ली बोलींच्या शेजारी आहे. आमच्यातल्या काही विद्वानांना याचा राग येतो. आम्हांला येत नाही. अहिराणीतले ‘शे’ आणि गुजरातीतले ‘छे’ कानाला सख्खे भाऊ लागतात. आपण ‘गावना लोक’ म्हणतो, सुरती माणूस ‘गामना लोको’ म्हणतो. पुण्याची शुद्ध मराठी घेऊन गेलेल्याला सुरतेत वर्षभर जे जमत नाही, ते आमच्या बाया नळावर हंडा लावता लावता आठ दिवसांत करीत. त्यांना रोज पाणी हवे होते आणि नळ शेजारणीच्या ओट्यासमोर होता.

हे आम्ही शिकलो ते फजिती होऊन. ऐन पंचविशीत आम्ही उधन्याच्या एका वस्तीत कामगारांची सभा घेतली आणि पुस्तकातून पाठ केलेल्या मराठीत तासभर बोललो. सभा संपल्यावर एक वयस्क मागवाला जवळ आला आणि म्हणाला, “भाऊ, तुम्ही बोलतस ते आमले समजस. पन बाजूना मागवर उडिया शे, त्याले कोन सांगी?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकाच छपराखाली खानदेशी, उडिया, तेलुगू आणि उत्तर प्रदेशचे कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत, आणि प्रत्येकजण पाळी संपल्यावर आपापल्या गाववाल्यांत परत जाई. ज्या गाववाल्याने खोली दिली, काम दिले, त्याच्याच वर्तुळात माणूस जखडून राही. मालकाला वेगळी भिंत बांधण्याची गरजच पडली नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग झाला. काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले आणि ताप्तीच्या गाड्या टपापर्यंत भरून आल्या. आम्ही तेव्हा अमळनेर स्थानकावर पाणी वाटायला होतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब उतरून आपल्या खेड्यात गेले. सख्ख्या चुलत्याने त्यांना आठ दिवस गावाबाहेर खळ्यात ठेवले. चुलत्याचे वागणे आम्ही वाईट म्हणणार नाही. भीती सर्वांनाच होती. महिन्याने ते परत सुरतेस गेले, तेव्हा घरमालकीण सुरती बाई किल्ली घेऊन ओट्यावर बसलेली होती. खोलीत चोरी नव्हती, आणि त्या महिन्याचे भाडेही तिने मागितले नाही. ते कुटुंब आता सुरतेचेच झाले आहे.

पण याच वाटेवर दुसरा एक प्रवास चालतो, आणि त्याची हकीकत व्याख्यानमालांत क्वचित येते. बारडोली म्हटले की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आठवतो. त्या भागात पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस तोडायला धुळ्या-नंदुरबारकडच्या टोळ्या जाऊ लागल्या. मुकादम पावसाळ्यात उचल देतो. दिवाळीनंतर कोयता, बैल, पोरे घेऊन माणसे ट्रकमध्ये चढतात. गावाबाहेर उघड्यावर खोपटी घालतात. आणि तोड संपली की पुढच्या गावी हलतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातेत १९६२ पासून फिरून या टोळ्यांवर लिहिले आहे. त्याने दाखवलेली गोष्ट अशी, की त्याच गावांत हळपती नावाचे भूमिहीन शेतमजूर हाताला काम नाही म्हणून बसलेले असत किंवा कामासाठी दुसरीकडे जात. घरची माणसे बाहेर आणि बाहेरची आत. बाहेरचा मजूर रात्री बोलावला तरी येतो, तक्रार कोणाकडे करावी हे त्याला ठाऊक नसते, आणि उचल फिटेपर्यंत तो पळूनही जाऊ शकत नाही.

हा प्रवास मैलांनी मोजला तर मोठा आहे, वर्षातले सहासहा महिने चालतो, आणि त्यात एकही माणूस भेटत नाही. सात हंगाम एकाच गावच्या शिवारात तोड केलेल्या एका बाईला आम्ही विचारले, गावात कोणाची ओळख आहे? ती म्हणाली, “दुकानवालानी.”

१९९८ च्या हंगामात आम्ही आणि तिकडचा एक कार्यकर्ता मिळून एका गावी हळपती वस्ती आणि आमची टोळी यांना एकत्र बसवले. उसाच्या फडाच्या कडेला, रात्री, एका कंदिलाच्या उजेडात. आम्ही मुद्दाम बोललो नाही. आधी कोणीच बोलेना. मग एका हळपती म्हाताऱ्याने विचारले, तुम्हांला टनाला काय मिळते? आमच्यातल्या एकाने अहिराणीत आकडा सांगितला. तो सांगायला दुभाष्या लागला नाही. हळपतींना शेतमालकांनी सांगितले होते, की खानदेशी माणूस फुकटात राबतो म्हणून तुम्हांला काम नाही. आमच्या लोकांना मुकादमाने सांगितले होते, की इथले लोक आळशी आणि दारुडे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही बाजूंनी ते एकमेकांना सांगितले, थोडे हसणे झाले, बायांनी पोरांची वये विचारली. बैठक तास-दीड तास चालली असेल. दरवाढीची मागणी दोघांनी मिळून करावी इथपर्यंत बोलणे आले होते.

पुढच्या वर्षी मुकादमाने ती टोळी दुसऱ्या तालुक्यात पाठवली.